सहावी रेघ

उन्हाळ्यात भर दुपारी सोलापुरात कुणी शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. दानेश्वरी पडली, कारण तिच्या भावाला संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं आणि तिला अप्पांचा हत्यारांचा डबा. भवानी पेठेतल्या घरातून तिने स्कूटी काढली, तोंडाला ओढणी गुंडाळली आणि अक्कलकोट रोडची वाट धरली. एमआयडीसीतल्या त्यांच्या शेडमध्ये आता एकच माग उरला होता, चादरीवर नक्षी उमटवणारा अप्पांचा जुना जकार्ड. तो उचलायला भंगारवाला दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन येणार होता. माग अप्पांनी दोघा भावंडांच्या नावावर ठेवलेला, म्हणून राजशेखर तिच्या एका 'हो'साठी अडून बसला होता.

"लोखंडाला काय जीव असतो का अक्का?" सकाळीच त्याने फोनवर विचारलं होतं. "तू नुसतं हो म्हण की. जागा मोकळी झाली की नवी मशीन बसवतो."

'हो' म्हणायला तिची तशी काही हरकत नव्हती. तिला डाचत होती ती वेगळीच गोष्ट. अप्पा जाण्याआधी तिला काहीतरी सांगत होते, आणि ते तिला नीट कळलंय की नाही याची तिला अजून खात्री नव्हती.

अप्पा म्हणजे चनमल्लप्पा, तिचे वडील. चादरीवरचे मोर, फुलं, वेलबुट्ट्या ज्या भोकाच्या पुठ्ठ्यांवरून मागाला कळतात, ते पुठ्ठे पाडण्यात त्यांचा जन्म गेला. मागावर उभे असतानाच त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, डावा हात तेवढा उरला. रोज दिवेलागणीला दानेश्वरी त्यांच्या पायथ्याशी बसून तेलाने पाय चोळायची, आणि तेव्हा तो हात पांघरुणावर चालू लागायचा. आधी एक तुटकी रेघ, म्हणजे दोन आखूड तुकडे. मग एक सलग रेघ. परत तुटकी, परत सलग. अशा सहा रेघा झाल्या की हात थांबायचा आणि अप्पा तिच्याकडे बघत राहायचे. वर्गात गणित घालून पोरांकडे आपण जसं बघतो, अगदी तसं. ती आपली म्हणायची, "हो अप्पा, कळलं." मग ते डोळे मिटून घ्यायचे. एके दिवशी मिटलेले डोळे उघडले नाहीत. लिंगायत समाजाच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवून माती दिली, आणि त्या सहा रेघा दानेश्वरीच्या डोक्यात तशाच राहिल्या.

पुढे, दानेश्वरी गणित शिकवायची त्या शाळेतल्या अंकिताने तिला नाण्यांचा नाद लावला. अंकिता मराठी शिकवायची. पुण्यात कुठलासा वर्ग करून ती चिनी नाण्यांची विद्या शिकून आली होती. स्टाफरूममध्ये डबे खाऊन झाले की ती तीन नाणी काढायची. चौकोनी भोकाची, लाल दोऱ्यात ओवलेली.

"भविष्य बघतेस होय गं?" दानेश्वरीने पहिल्या दिवशी तिची टर उडवली होती.

"भविष्य नाही, आरसा आहे," अंकिता म्हणाली. "काय होईल असं विचारायचंच नाही. मला काय दिसत नाहीये, असं विचारायचं. नाणी पडतात ती पडतात, खरं काम नंतर असतं. आपण आपल्याशी बोलायला लागतो."

गणिताच्या बाईला रीत आवडली. तीन नाणी सहा वेळा टाकायची, दर वेळी एक रेघ मांडायची, सलग किंवा तुटकी. पहिली रेघ सगळ्यात खाली, मग तिच्यावर दुसरी, भिंत बांधतात तशी. दोन नाणी एक बाजू आणि एक दुसरी पडली तर रेघ साधी. तिन्ही एकसारखी पडली तर ती रेघ पिकलेली, म्हणजे उलटायला आलेली: सलग असेल तर तुटते, तुटकी असेल तर सांधते. सहा रेघांच्या प्रत्येक आकृतीला नाव आहे, अर्थ आहे. आणि एकदा सहा टाकायला घेतले की मध्येच मान वर करायची नाही, हा अंकिताचा नियम.

चिनी नाणी विकत घ्यायची दानेश्वरीला गरज नव्हती. अप्पांकडे इंग्रजांच्या काळातले भोकाचे पैसे होते, एका बाजूला मुकुट, दुसऱ्या बाजूला वेल. मागाखाली प्रत्येक धाग्याला ताण द्यायला एक वजन लोंबतं. एखादं वजन गळून पडलं की अप्पा तिथे भोकाचा पैसा बांधायचे. असे तीन पैसे घरात देव्हाऱ्याशेजारी पडून होते. रोज सकाळी आंघोळ झाली की ती ते टाकू लागली, मग दिवसभर पर्समध्ये बाळगू लागली. उत्तरं मिळत होती असं नाही, पण मन थाऱ्यावर येत होतं. राजशेखरवर आपण चिडतो ते मागावरून नाही, अप्पांविषयी तो कधी बोलत नाही म्हणून, हे तिला असंच एका सकाळी उमगलं होतं.

आणि मग एक दिवस अंकिताचं ते जाडजूड पुस्तक चाळताना तिच्या अंगावर काटा आला. शेवटून दुसऱ्या पानावर अप्पांच्या रेघा होत्या. वरून बघत आलं तर तुटकी, सलग, तुटकी, सलग, तुटकी, सलग. ओळीने सहा, जशा तिने पायथ्याशी बसून पाहिल्या होत्या तशाच.

"हिचं नाव काय गं?" तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"ही होय? 'पार पडलं'. नदी ओलांडून माणूस पलीकडे पोचला, अशी." अंकिताने पान उलटलं. "आणि ही शेवटची. तीच उलटी केलेली, 'अजून पार पडायचंय'. गंमत बघ, अख्खं पुस्तक संपतं ते संपलेलं नाही असं सांगून."

सोलापूरच्या बाहेर फारसं न गेलेल्या अप्पांच्या हाताला चीनची आकृती कुठून आली, हे तिने अंकिताला विचारलं नाही. विचारून काय उत्तर मिळणार होतं? घरी येऊन ती पोटभर रडली आणि तिला हलकं वाटलं. अप्पा सांगत होते, पार पडलं. माझं झालं, माग जाऊ दे. म्हणूनच ती आज राजशेखरला हो म्हणणार होती.

फक्त अव्वाचं काही वेगळंच चाललं होतं. गुरम्मा, दानेश्वरीची आई, अप्पा गेले हे मानायलाच तयार नव्हती.

"कुटं गेल्यात ते? मागाचा आवाज येतोय की," ती दुपारी आडवी पडल्या पडल्या म्हणायची. "त्यो थांबला की मग मला झोप लागंल बघ, दानव्वा."

भवानी पेठेत मागाचा आवाज येतो म्हणून कोण दचकणार? दर चार घरांआड माग. दानेश्वरी तिला पाणी द्यायची आणि विषय बदलायची.

शेडचं कुलूप इतकं तापलं होतं की तिला ओढणीने धरून उघडावं लागलं. सुट्टीचा वार होता. एरवी कानठळ्या बसवणारी एमआयडीसी अशी गप्प होती की पत्रा तापून तडतडत होता तेही ऐकू येत होतं. वीजही सगळीकडे बंद. दार लोटलं तसा आतला काळोख अंगावर आला, आणि त्याच्यामागून वास. कापसाची धूळ, मशीनचं तेल आणि विभूती. पहिले दोन वास तिथे असायचेच. तिसरा अप्पांच्या कपाळाचा होता.

ती क्षणभर उंबऱ्यातच थांबली. मग स्वतःवर हसली आणि आत गेली.

हत्यारांचा डबा मागाच्या पायाशी होता. तो उचलून निघून यायचं, एवढंच. पण मागावर चादर अर्धी विणलेली तशीच होती, झटका आला त्या दिवसाची. सगळे तिला नमुन्याचा तुकडा समजत होते. दानेश्वरी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली, जिथे अप्पा उभे राहायचे तिथे. विणलेल्या कापडावर धुळीचा थर बसला होता. सवयीने तिने पोटाजवळचा कोपरा हाताने पुसला आणि खाली लालभडक अक्षरं निघाली. गुरम्मा.

म्हणजे नमुना नव्हता तो. आयुष्यभर अव्वा लाडाने कुरकुरायची, जगाला चादरी घालतो आणि आमच्या अंगावर कायम खराब माल. अप्पा नुसते हसायचे. शेवटी त्यांनी तिच्यासाठी पुठ्ठे पाडले होते, तिचं नाव घालून, आणि कुणाला काही सांगितलं नव्हतं. दानेश्वरीला हुंदका आवरेना. आणि हा माग आपण उद्या किलोवर देणार होतो!

तिला काही सुचेना, म्हणून तिने रोज सकाळी करायची तेच केलं. पर्समधून तिन्ही पैसे काढले, डब्याचं झाकण उलटं करून मागाच्या कडेवर ठेवलं आणि मनात प्रश्न धरला. मला काय दिसत नाहीये?

पैसे झाकणात खणखणले. तिन्ही मुकुट. सलग रेघ, पिकलेली. कागद नव्हता, तेव्हा तिने कापडावरच्या धुळीत बोटाने रेघ ओढली, पोटाशी अगदी जवळ. उजव्या हातात पैसे होते, म्हणून डाव्या हाताने.

वर कुठेतरी खट् झालं.

मान वर करायची नाही. पत्रा तडकला असेल. तिने पुन्हा टाकले. तिन्ही वेल. तुटकी, पिकलेली. पहिल्या रेघेच्या पलीकडे तिने दोन तुकडे ओढले.

खट्.

हा आवाज मात्र ती ओळखत होती. शाळेतून आल्यावर याच आवाजाखाली बसून तिने पाढे पाठ केले होते. जकार्डवर एक पुठ्ठा उलटून दुसरा पुढे येतो, त्याचा हा आवाज. पण वीज नव्हती. माग बंद होता. तरी मान तिने वर केली नाही. भीती होतीच, पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी त्या शेडमध्ये होतं आणि ते तिच्यावर रागावलेलं नव्हतं, एवढं तिला पक्कं कळत होतं. तिसऱ्यांदा तिन्ही मुकुट… खट्. चौथ्यांदा तिन्ही वेल… खट्. पाचव्यांदा पुन्हा मुकुट. तिच्यातली गणिताची बाई अजून जागी होती. सहाही वेळा तिन्ही पैसे एकसारखे पडणं म्हणजे चार हजारांत कुठे एकदा, हा हिशेब तिने मनातल्या मनात केला देखील. सहाव्यांदा पैसे पडले तेव्हा बघायची गरजच नव्हती. वेल, वेल, वेल.

शेवटची तुटकी रेघ ओढायला हात लांबवावा लागला, आणि त्या क्षणी ती जागच्या जागी थिजली. हा हात तिने पाहिला होता. डावा हात, पोटापासून सुरू होऊन रेघेरेघेने लांब जाणारा. अप्पांचा हात!

विणणाऱ्याचं कापड पोटाशी सुरू होतं आणि समोर वाढत जातं. त्याच्या लेखी जवळचं ते खालचं आणि लांबचं ते वरचं. अप्पा बिछान्यात पडल्या पडल्याही मागावरच उभे होते. आणि ती बसली होती पायथ्याशी, त्यांच्या समोर. त्यांची सगळ्यात खालची रेघ तिला सगळ्यात वर दिसत होती. ती रोज त्यांच्या रेघा उलट्या वाचत होती.

पार पडलं, असं अप्पा म्हणतच नव्हते. ते म्हणत होते, अजून पार पडायचंय.

आणि समोर धुळीत तेच लिहिलेलं होतं. तिने काढलेली आकृती 'पार पडलं'ची होती खरी, पण तिची प्रत्येक रेघ पिकलेली, उलटायला आलेली. सहाच्या सहा उलटल्या की जी उरते ती शेवटच्या पानावरची.

"अप्पा…" ती पुटपुटली. "चुकलं माझं वाचताना…"

आता मान वर करायला हरकत नव्हती. वर पुठ्ठ्यांची माळ संथ झुलत होती, वाऱ्याचा लवलेश नसताना. तिने नजर खाली आणली, फणीपर्यंत, जिथे विणलेलं संपून नुसते धागे सुरू होतात. सगळ्या कापडावर धूळ होती. फक्त तिथे, फणीला लागून, हाताच्या रुंदीचा पट्टा कोरा करकरीत होता. लाल सुताच्या सहा रेघा. जवळची तुटकी, मग सलग, मग तुटकी, आणि सगळ्यात पलीकडची सलग. तिने बोट लावलं. सूत किंचित ओलसर होतं, कुणीतरी आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी भरताना ओठाला लावून ओढावं तसं. अप्पांची तीच सवय, अव्वा त्यावरून त्यांना ओरडायची.

दानेश्वरीने हात जोडले. घाबरून नाही. देवळात गाभाऱ्याचं दार उघडल्यावर आपोआप जुळतात तसे ते जुळले.

बाहेर येऊन तिने राजशेखरला फोन लावला. "टेम्पो नको. चादर पुरी करायचीय."

"कसली चादर? ऊन लागलंय का गं तुला?"

"अव्वाची. उद्या येऊन बघ. नाव आहे तिचं."

पलीकडे त्याने नाक ओढलं. मग म्हणाला, "गुरप्पाला बोलवतो. तो माग त्यालाच चालवता येतो."

गुरप्पा अप्पांच्या हाताखाली वाढलेला कारागीर. दुसऱ्या दिवशी वीज आली तसा तो सायकलवर हजर झाला. त्याने मागाला तेल दिलं, नमस्कार केला, आणि फणीजवळच्या सहा रेघा बघून हात मागे घेतला.

"ह्ये कुणी भरलं वो अक्का? पुठ्ठ्यात असलं न्हाय काय." त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, टोपी सारखी केली. "ऱ्हाऊ द्या. मी काय इचारनार न्हाय."

माग सुरू झाला. राजशेखर दारात उभा राहून डोळे पुसत होता, धूळ गेली म्हणत. उन्हं कलायच्या आत चादर पुरी झाली. गुरप्पाने कात्री तिच्या हातात दिली, तिने धागे कापले, आणि त्याच क्षणी शेडमधला विभूतीचा वास गेला. दिवा मालवल्यासारखा नाही. माणूस उठून बाहेर जातो आणि त्याच्या मागे वास जातो, तसा.

पार पडलं, तिने मनात म्हटलं. तिच्या छातीवरचा धोंडा उतरला होता.

घरी अव्वा आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून खाटेवर बसली होती. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. तरी दारातूनच तिने हात पुढे केले.

"आणलीस व्हय? दे हिकडं." तिने आपल्या नावावरून बोट फिरवलं आणि नव्या नवरीसारखी लाजली. "माग थांबला बग दुपारी. आता कसं गार वाटतंय… तुझे अप्पा थांबले होते बिचारे चादरीसाठी. म्हनलं, एकटं कशाला जाताय…"

"काय म्हणालीस अव्वा?"

"काय न्हाय. झोप आली मला."

मे महिन्याच्या उकाड्यात तिने ती जाड चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि लहान पोरीसारखी चटकन झोपली. दिवेलागणीची वेळ होती. दानेश्वरी दिवा लावून आली आणि या वेळी पायथ्याशी नाही, उशाशी बसली. पंखा फिरत होता. बाहेर पेठेतले माग धडधडत होते. ती समाधानाने त्या चादरीकडे बघत होती, आणि चादरीवर अव्वाचा हात हलला.

पोटाशी एक सलग रेघ. तिच्या पलीकडे एक तुटकी.

उशाशी बसल्यामुळे आता सगळं सुलट दिसत होतं, वाचण्यात चूक होण्याची सोयच नव्हती. सलग. तुटकी. सलग. अव्वाच्या झोपेतल्या चेहऱ्यावर हसू होतं. सहावी रेघ तुटकी येणार, आणि ती आली की आकृती पुरी होणार, हे दानेश्वरीला ठाऊक होतं. तिचं नावही तिला ठाऊक होतं: 'पार पडलं'.

सहाव्या रेघेचा पहिला तुकडा त्या बोटाने ओढला आणि दुसऱ्यासाठी ते उचललं. दानेश्वरीने झडप घालून तो हात दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"नको अव्वा… एवढ्यात नको…"

हात ऊबदार होता. अव्वा झोपेत शांत श्वास घेत होती. पण दानेश्वरीच्या मुठीत तिचं बोट हळूहळू पुढे सरकायला बघत होतं, अजिबात घाई न करता. आणि पलीकडून, चादरीच्या रिकाम्या बाजूने, कुणीतरी ते बोट तितक्याच मायेने ओढत होतं.

दानेश्वरी हात धरून बसली आहे. दिव्यात तेल तिने दोनदा घातलं, ते एका हाताने.